पहाटेचे माळरान आणि भरतीचा किनारा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात पूल हे विस्तीर्ण पण उथळ असे नैसर्गिक बंदर आहे. त्याच्या काठी आर्न येथे झुडपी माळरान थेट भरतीच्या चिखलाला जाऊन भिडते. त्यामुळे शरद ऋतूतील एकाच प्रभाती दोन भिन्न पक्षिसृष्टींचे दर्शन घडते.

हे माळरान निव्वळ निसर्गनिर्मित नव्हे. सहस्रावधी वर्षांपूर्वी मानवाने येथील अरण्य तोडले. पावसाने वाळूमय जमिनीतील क्षार धुऊन नेले आणि हेदर व गॉर्स ही काटक झुडपे तेवढी टिकली. गुरांची चराई व सरपणाची तोड यांमुळे वृक्षांना पुन्हा मूळ धरता आले नाही. डॉर्सेटमधील असे माळ १८११ साली सुमारे ३०,००० हेक्टर होते. १९६० पर्यंत ते सुमारे १०,००० हेक्टर उरले.

या झुडपांत डार्टफर्ड वटवट्या राहतो. वारा पडलेल्या सकाळी हा तांबूस छातीचा, लांब शेपटीचा चिमुकला पक्षी गॉर्सच्या शेंड्यावर येऊन बसतो. तो कीटक व कोळी यांवर जगतो, तथापि हिवाळ्यात बहुधा स्थलांतर करीत नाही. म्हणूनच १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर साऱ्या ब्रिटनमध्ये त्याची जेमतेम दहा-अकरा जोडपी शिल्लक राहिली. पुढे सौम्य हिवाळ्यांत त्याची संख्या पुष्कळ वाढली.

ओहोटी लागताच किनाऱ्यावर निराळेच दृश्य दिसते. एकाच चिखलात अनेक पक्षी चरतात, कारण त्यांच्या चोची भिन्न असतात. चिखल्या आखूड चोचीने पृष्ठभागावरील जीव टिपतो. कुरल आपली लांब, बाकदार चोच खोल खुपसून किडे ओढून काढतो. उचाट्या वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवितो.

पूल बंदराची भरती विलक्षण आहे. येथे बहुधा दुहेरी भरती येते आणि चोवीस तासांपैकी सुमारे सोळा तास पाणी मध्यम पातळीच्या वरच राहते. साहजिकच खालचा चिखल थोडाच वेळ उघडा पडतो. अशा वेळी माणसाच्या चाहुलीने थवा उडाला, तर त्याचे चरणे खुंटते आणि उडण्यात शक्तीही वेचली जाते. म्हणून निरीक्षकाने भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून निघावे व दुर्बिणीतून दुरूनच पाहावे.

हाच कुरल हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांतही दिसतो. तेथेही हाच नियम पाळणे उचित होय.