कृष्णधवल छपाईसाठी जुना मोठा प्रिंटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चोवीस किंवा चव्वेचाळीस इंची जुना इंकजेट प्रिंटर विकायला निघतो, तेव्हा नव्याच्या मानाने त्याचा भाव इतका उतरलेला असतो की मोह आवरत नाही. पण पोस्टर छापण्यासाठी चालणारे मशिन कृष्णधवल फोटोला न्याय देईलच असे नाही. रंगीत चित्रात खपून जाणारे दोष करड्या छटांत लगेच उघडे पडतात.

गैरसमज : कृष्णधवल फोटोला काळी शाई पुरते.
वस्तुस्थिती : एकट्या काळ्या शाईने फिकट करडा साधायचा तर थेंब विरळ टाकावे लागतात. मग आकाश आणि चेहरे दाणेदार दिसतात. रंगीत शाया मिसळून करडा केला, तर एका दिव्याखाली नीट दिसणारा प्रिंट दुसऱ्या उजेडात हिरवट किंवा जांभळट दिसू शकतो. म्हणून एकूण शाया किती यापेक्षा करड्या किती, हे आधी विचारा. एपसनच्या २००५ च्या अल्ट्राक्रोम के-३ संचात काळ्याबरोबर दोन करड्या शाया आल्या. एचपीच्या डिझाइनजेट झेड-३१०० मध्येही दोन करड्या आहेत.

गैरसमज : कमी वापरलेले मशिन म्हणजे चांगले मशिन.
वस्तुस्थिती : इंकजेटचे उलटे आहे. पडून राहिले की पिगमेंट शाईतले कण खाली बसतात, शाई नोझलमध्ये वाळते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होते. आठवड्याला चार प्रिंट काढणाऱ्याचे मशिन वर्षभर झाकून ठेवलेल्या मशिनपेक्षा भरवशाचे. एकूण किती प्रिंट काढले याबरोबरच शेवटचा प्रिंट कधी काढला, हेही विचारा.

गैरसमज : नोझल बंद असले तरी हेड क्लिनिंगने सुटतात.
वस्तुस्थिती : वाळलेली शाई सुटते, जळालेला नोझल सुटत नाही. लागोपाठ तीन नोझल चेक, म्हणजे प्रत्येक नोझलच्या चाचणीच्या रेघा, काढा. रेघेतली फट दर वेळी जागा बदलत असेल, तर बहुधा नळीत हवा आहे किंवा डँपर (हेडला शाई पुरवणारी छोटी डबी) थकला आहे. ते दुरुस्त होते. फट तिथल्या तिथेच राहिली, तर दोष हेडमध्ये असण्याची शक्यता जास्त. एपसनच्या स्टायलस प्रो मालिकेत हेड बदलणे तंत्रज्ञाचे काम आहे, आणि खर्च जुन्या मशिनच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. कॅननच्या आयपीएफ आणि एचपीच्या झेड मालिकेत हेड आपले आपल्याला बदलता येते. मात्र कॅननचे मशिन बंद नोझलचे काम शेजारच्या नोझलवर ढकलते, त्यामुळे बिघाड बराच काळ लपून राहतो.

गैरसमज : मशिन स्वस्त पडले की छपाईही स्वस्त.
वस्तुस्थिती : एपसन ३८८० हे सतरा इंची मशिन तुलनेने छोटे, तरी त्यात ८० मिलिलिटरची नऊ कार्ट्रिज लागतात. संपत आलेल्या कार्ट्रिजसह मशिन घेतले, तर ७२० मिलिलिटर शाईचा खर्च आधीच डोक्यावर बसतो. शिवाय ग्लॉसी कागदाला फोटो ब्लॅक लागतो आणि कॉटन रॅगसारख्या कागदाला मॅट ब्लॅक. एपसन ७८८० आणि ९८८० मध्ये एका वेळी दोन्हींपैकी एकच बसतो. बदलताना नळ्या धुण्यात शाई वाया जाते. दोन्ही कागद आलटून पालटून वापरणाऱ्याने दोन्ही काळ्यांना वेगळी वाट असलेली मशिने पाहावीत. कॅननच्या आयपीएफ मालिकेत तशी सोय आहे.

गैरसमज : चालू स्थितीतले मशिन आजच्या संगणकाला जोडले की चालेल.
वस्तुस्थिती : जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर नव्या विंडोज किंवा मॅकवर मिळेलच याची खात्री नाही, पैसे देण्याआधी तपासा. अनेक एपसन मॉडेलांसाठी रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक करड्या शाईचे प्रमाण आपण ठरवू शकतो. आधीच्या मालकाने सगळ्या जागी करड्या छटांच्याच शाया भरल्या असतील, तर त्या मशिनमधून रंगीत काम निघणार नाही.

बघायला जाण्याआधी मशिन रात्रभर, तुम्ही पोहोचेपर्यंत, बंद ठेवायला सांगा. नाहीतर विक्रेत्याने सकाळीच क्लिनिंग करून ठेवलेले असते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची करडी पट्टी पेनड्राइव्हवर न्या, तुमच्या कागदावर काढा. शेवटच्या दोन-तीन काळ्या पायऱ्या वेगळ्या ओळखू येतात का, मधल्या करड्यात आडवे पट्टे पडतात का, हे दारातल्या उन्हात आणि घरातल्या दिव्याखाली पाहा. पट्टी आणि नोझल चेक दोन्ही पास झाले, तरच भावाची बोलणी सुरू करा, आणि त्यात शाईचा पूर्ण संच मोजून घ्या.