सोलापूर : कोरड्या मुलखातले गिरणगाव

पेशवाईच्या शेवटच्या लढायांपैकी एक आजच्या सोलापूर जिल्ह्यात झाली. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या रणात सेनापती बापू गोखले पडले आणि मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. इंग्रजांनी १८३८ मध्ये इथे स्वतंत्र कलेक्टरी केली, १८६४ मध्ये मोडली आणि १८७१ मध्ये पुन्हा उभी केली. त्या वेळी साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला सोलापूरला जोडले गेले, तर १८७५ मध्ये माळशिरस आले. अक्कलकोट संस्थान मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत वेगळेच राहिले.

या मुलखाचे खरे दुखणे पाऊस. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इथवर येईतो त्यांत फारसे उरत नाही. सरकारने १८७१ मध्ये अदिला नदीवर एकरूखचा तलाव पुरा केला, पण १८७६-७७ च्या दुष्काळापुढे एका तलावाचा काय पाड लागणार? पीक बुडाले की कुणबी आणि कारागीर शहराची वाट धरत. १८६० मध्ये रेल्वे आलेली होतीच, भोवती कापूसही पिकत होता. १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ गिरणीला माणसांची वाण पडली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या आणि पहिली गिरणी लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’ झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा एकाच पेठेत ऐकू येऊ लागल्या.

याच शहरात ‘सेटलमेंट’ही होती. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवले गेले. त्यांतले अनेकजण गिरणीत राबत आणि वेळेवर हजेरीला परत येत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला. समाजाच्या मनातून तो अजूनही पुरता गेलेला नाही, हे कटू सत्य आहे.

गिरणी कामगारांचे हे शहर १९३० मध्ये पेटले. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी येताच हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडणाऱ्या सत्याग्रहींना पोलिसांनी पकडले. जमाव त्यांच्या सुटकेसाठी अडून बसला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. मग लोकांचा संयम सुटला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयालाही आग लागली. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळपास उरला नव्हता आणि वाहतूक, बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत राहिला आणि त्या काळात गांधी टोपी घालणाऱ्यालाही मार खावा लागे. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चौघांच्या आडनावांतच त्या काळचे सोलापूर दिसते. त्या मे महिन्यातील लोकराज्याला इतिहासाच्या पुस्तकांत मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

माणसावर जन्मानेच मारलेल्या शिक्क्याविरुद्धचा एक लढा जिल्ह्यातल्याच पंढरपुरातही झाला. १९४७ च्या मे महिन्यात तिथे साने गुरुजींनी उपोषण केले आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले.

स्वातंत्र्यानंतर गिरण्या एकामागून एक मंदावल्या आणि जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली. कापडाचा धंदा यंत्रमागावर गेला. आता भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल घराघरांत लागलेल्या मागांवर निघू लागले. पुरुष मागावर, तर बाई विडीवर, अशी हजारो घरांची घडी बसली. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची आणि दोऱ्याने बांधायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे स्वयंपाक उरकला की सूप मांडीवर येते. या कामगारांनी लढून घरे मिळवली. कुंभारीजवळ २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि रे नगरातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या.

खेड्यांचे रूप पालटले ते उजनीने. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. पाण्याखाली गेलेल्या गावांनी त्याची किंमत मोजली. कालव्याखालची ज्वारीची रानेच्या राने उसाखाली गेली आणि साखर कारखान्यांच्या संख्येत जिल्हा राज्यात आघाडीवर आला. कालवा न पोचलेल्या सांगोल्याने मात्र कमी पाण्यात येणारे डाळिंब धरले आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानाने आपली ज्वारी राखली. उजनीचे पाणी नळाने सोलापूर शहरातही येते, पण गेली कित्येक वर्षे ते काही दिवसांआडच येत आले आहे.