पीडा वेशीबाहेर जावी, पण कोणाच्या दारी?

श्रावण वद्य अमावास्या हा वृषभपूजनाचा दिवस. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकून त्यांना हळद-लोणी चोळावयाचे व उद्याच्या भोजनाचे आवतण द्यावयाचे; आणि अमावास्येस शिंगांना बेगड, पाठीवर झूल व गळ्यात घुंगुरमाळा घालून त्यांना तोरणाखाली उभे करावयाचे, हा क्रम वऱ्हाडातील आबालवृद्धांस परिचित आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरास मारबत निघते. रोगराई, डास, ढेकूण अशी सारी ईडापीडा बरोबर घेऊन जा, अशी तिला विनवणी केली जाते आणि शेवटी तिचे दहन होते. रोग आणि कीटक यांचा उच्चार लोकांनी एका श्वासात करावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मारबतीचा पुतळा जळतो, आणि त्याबरोबर पीडाही जळाली असे आपण मानतो. परंतु गोठ्यातील आजारी जनावर जेव्हा पडेल त्या भावाने रातोरात व्यापाऱ्याच्या हवाली केले जाते, तेव्हा पीडा वेशीबाहेर जाते खरी. जळत मात्र नाही. ती पुढच्या गावात, दुसऱ्या कोणाच्या तरी दावणीला उतरते. पोळ्याच्या निमित्ताने या एकाच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

लम्पी चर्मरोग २०१९ साली भारतात प्रथम ओडिशात आढळला. २०२० साली तो गडचिरोली जिल्ह्यात दिसला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात प्रकट होऊन पाहता पाहता राज्यभर पसरला. सप्टेंबर २०२२ मध्ये शासनाने २००९ च्या प्राणिरोग-प्रतिबंध अधिनियमान्वये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित केले. गुरांचे बाजार बंद झाले, गोवंशाच्या वाहतुकीस मनाई झाली. जनावरास ताप चढतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात. माणसास हा रोग होत नाही. परंतु पेरणी-डवरणीच्या दिवसांत ज्याचा बैल बसला, त्याचे वर्षच बसले, हे मानोऱ्याच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

हा रोग मुख्यत्वे चावऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्याद्वारे पसरतो. गोठ्यातील चावरी माशी एका जनावराचे रक्त पीत असता शेपटीच्या फटकाऱ्याने उडते आणि राहिलेली भूक शेजारच्या जनावरावर भागविते. तिच्या सोंडेस लागलेला विषाणू तेवढ्यात पोहोचतो. शिवाय गाठींच्या वाळलेल्या खपल्यांत हा विषाणू सुमारे ३५ दिवस तग धरू शकतो. माशीची स्वतःची धाव ती किती? मालमोटार मात्र एका रात्रीत तीन जिल्हे ओलांडते. म्हणून दूरवरच्या प्रसाराचे मोठे कारण माशी नसून प्रवास होय. ती मोटार जेथे चहापाण्यास थांबते, तेथील गोठ्यातल्या माश्या जनावरांवर येऊन बसतात, आणि रोगाला नवे बिऱ्हाड मिळते.

येथे एका नाजूक विषयास स्पर्श करणे प्राप्त आहे. पशूचा प्रवास कोठे संपतो? महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या हत्येसही बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरे व शेळ्या-मेंढ्या मात्र कायद्याने कत्तलखान्याकडे जातात. धर्मदृष्ट्या त्याविषयी ज्याचे त्याचे मत असो. तथापि, जनावर अखेर मरावयाचेच आहे, मग त्याच्या रोगाची चिंता कशाला, हा विचार सर्वथा घातक होय. मरण मुक्कामावर येते. रोग वाटेतच उतरतो. २००६ साली बेल्जियम, नेदरलँड्स व जर्मनीत चिलटांपासून होणारा ‘निळी जीभ’ हा रोग शिरला. तेव्हा बाधित भागातून कत्तलीस जाणाऱ्या जनावरांसाठी युरोपने २००७ साली नियम केले : जनावर लक्षणरहित असावे, ते थेट कत्तलखान्यातच न्यावे, आणि पोहोचल्यापासून २४ तासांत त्याची कत्तल व्हावी. आपल्याकडेही १९७८ च्या पशुवाहतूक नियमांनुसार, गुरे प्रवासास योग्य असून त्यांस संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला सोबत असावा लागतो, आणि एका मालमोटारीत सहांहून अधिक गुरे भरता येत नाहीत. चोरवाटेने रात्री जाणाऱ्या गाडीत दाखला नसतो, फवारणी नसते, मोजदाद नसते. तीच गाडी सर्वाधिक भयावह.

आपल्या पूर्वसूरींना ही दृष्टी नव्हती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. प्रत्येक जनावराच्या खुणा, वर्ण व शिंगांचे वेगळेपण त्याने लिहून ठेवावयाचे. बाल, वृद्ध व व्याधिग्रस्त जनावरांवर गोपालकांनी उपचार करावयाचे. आजचा कानातील बारा अंकी बिल्ला हा त्या नोंदवहीचाच वंशज म्हणावा. त्याच ग्रंथात सूनाध्यक्षाच्या प्रकरणी कत्तलखान्याबाहेर मारलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या वा आपोआप मेलेल्या पशूचे मांस विकण्यास मनाई आहे. म्हणजे गोठा आणि सूनागृह या दोन्ही टोकांवर राज्याचा डोळा होता.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाजाच्या लदेणीने एके काळी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ देशभर पोहोचविले. त्या प्रवासात धनी बैलाबरोबर पायी चाले; कोणता बैल मलूल आहे हे तो चालीवरून ओळखी. आज बैल परक्या गाडीत, परक्या हातांत जातो. धन्याची ती नजर सोबत नसते, म्हणूनच तिच्या जागी दाखला, बिल्ला आणि लस हवी.

तेव्हा करावयाचे काय? निरोगी जनावरांना वेळेवर लस टोचावी; २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस यासाठीच वापरली गेली. लस टोचल्यावर २८ दिवस जनावर कोठे हलवू नये. नवीन आणलेले जनावर तितकेच दिवस वेगळे बांधावे. शेणमूत्र साचू देऊ नये, गोचीड काढावेत, सायंकाळी कडुनिंबाचा धूर करावा. जनावरे वाहणारी गाडी भरण्यापूर्वी व रिकामी झाल्यावर धुऊन तीत कीटकनाशक फवारावे, आणि वाटेत ती गोठ्यांजवळ उभी करू नये. गाठी दिसताच जनावर अलग करून १९६२ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. गरिबास आजारी बैल विकण्याचा मोह का होतो, हे आम्ही जाणतो. त्याच्या घरी तेवढेच भांडवल असते. म्हणूनच २०२२ साली शासनाने लम्पीने दगावलेल्या गायीसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० व वासरासाठी १६,००० रुपये मदत जाहीर केली होती. अशी मदत वेळेवर दारी पोहोचणे हादेखील रोगनिवारणाचाच भाग आहे.

साथ असेल त्या वर्षी तोरणाखालची गर्दी टाळून पोळा गोठ्यातच करावा. पूजेस गर्दी लागत नाही. ज्या बैलाने वर्षभर आपले ओझे वाहिले, त्याच्या आजारपणात त्याला दारातून ढकलून देणे हा बैलाशी द्रोह, आणि त्याच्याबरोबर रोग धाडणे हा शेजाऱ्याशी द्रोह. हे दोन्ही द्रोह ज्याच्या हातून घडले नाहीत, त्याचा पोरणपोळीचा नैवेद्य वृषभदेवतेस खचित पावेल. सर्वांच्या गोठ्यांत घुंगरांचा नाद अखंड राहो!