वीस वर्षांचं लायसन

नव्वदच्या दशकात ज्यांनी विशी-पंचविशीत लायसन काढलं, त्यांना त्यावरची मुदत वाचायचं कारणच पडलं नाही. वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तोवर खासगी गाडीवाला मोकळा. 1999 साली पंचविसाव्या वर्षी मिळालेलं लायसन थेट 2019 ला संपणार. मधल्या काळात माणूस घर बदलतो, स्कूटरवरून मोटारीवर येतो, त्याला चष्मा लागतो. लायसन पाकिटातून बाहेर निघतं ते पोलिसानं हात केला तरच. टेम्पो-ट्रकवाल्यांना मात्र दर तीन वर्षांनी आरटीओची पायरी चढावी लागे, त्यामुळे त्यांना तारीख तोंडपाठ.

1988 चा मोटार वाहन कायदा विसरणाऱ्याला सांभाळूनही घेत होता. मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन चालू मानलं जाई. त्या तीस दिवसांत अर्ज केला तर नूतनीकरण जुन्या तारखेपासून धरत, आणि पुन्हा चाचणी द्यायची वेळ पाच वर्षं उलटली तरच येई. खरी मेख तीस दिवसांनंतर होती. तेव्हा अर्ज केला की लायसन नूतनीकरणाच्या दिवसापासून लागू होई आणि मधले महिने उघडे पडत. त्याच महिन्यांत अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तिथं बोट ठेवी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालानं अशा वादांत एक वाट काढून दिली: जखमीची भरपाई कंपनीनं आधी द्यावी, मग योग्य प्रकरणात गाडीमालकाकडून वसूल करावी. जखमीची सोय झाली. मालकाच्या डोक्यावरची टांगती तलवार तशीच राहिली.

नूतनीकरणासारख्या आरटीओतल्या कामाला एजंट असायचेच. जानेवारी 2015 मध्ये तेव्हाचे परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी त्यांना कार्यालयांच्या आवारात मज्जाव केला आणि मोठा गदारोळ उठला. एजंटांचा धंदा त्यानं संपला, असं मात्र कुणी म्हणणार नाही.

मुदतीचा हिशेब खरा बदलला तो 1 सप्टेंबर 2019 ला लागू झालेल्या कायदादुरुस्तीनं. तिशीच्या आत लायसन काढणाऱ्याला आता चाळिशीपर्यंतच मुदत. तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत. पुढे पाच-पाच वर्षं. तरुणांची मुदत घटली, पण पंचेचाळिशीतल्या माणसाचा फायदाच झाला. जुन्या नियमानं त्याला पन्नाशीपर्यंत, म्हणजे पाचच वर्षं मिळाली असती. अर्जासाठी मुदतीच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष अशी ऐसपैस जागा झाली. ती ओलांडली की चाचणी. मात्र तीस दिवसांची सवलत गेली. अर्ज करायला वर्ष आहे म्हणून गाडी चालवायलाही वर्ष आहे, असा गैरसमज त्यातून झाला आणि अजूनही आहे. माझ्या मते या दुरुस्तीतली सर्वांत कमी समजावून सांगितलेली गोष्ट हीच. विनालायसन गाडी चालवण्याचा दंडही कायद्यात 500 वरून 5000 रुपयांवर गेला.

गंमत अशी, की तीस दिवस काढून घेतल्यावर सात महिन्यांतच सरकारला दीड वर्षाहून जास्त सूट द्यावी लागली. कोविडमुळे आरटीओ बंद पडले. केंद्रानं 30 मार्च 2020 ला पत्र काढलं: 1 फेब्रुवारीनंतर मुदत संपलेली कागदपत्रं 30 जूनपर्यंत वैध मानावीत. मग सप्टेंबर, मग डिसेंबर, मग पुढचा मार्च. असं करत 2021 चा पावसाळा संपेपर्यंत ती मुदत ताणली गेली. 2021 च्याच मार्चमध्ये आधारच्या साहाय्यानं घरबसल्या करायच्या सेवांची यादी निघाली आणि तिच्यात लायसनचं नूतनीकरणही होतं. चाळिशी ओलांडलेल्यांना 1-अ नमुन्यातला डॉक्टरचा दाखला मात्र लागतोच.

महाराष्ट्रानं 2019 चे वाढीव दंड तेव्हा थांबवून धरले होते. ते इथं लागू झाले डिसेंबर 2021 मध्ये, म्हणजे कोविडची सूट संपल्यावर लगेच. दोन वर्षं निर्धास्त राहिलेल्यांना सवलत संपल्याची बातमी आणि नव्या दंडाचा आकडा असे जवळपास एकदमच भेटले.