तारलीचा हंगाम

अंबरनाथ, बदलापूर, मोरिवली ही गावे समुद्रापासून बरीच आत आहेत. तेथे लाटांचा आवाज पोचत नाही, की खारा वारा येत नाही. तरीही पावसाळा सरू लागला, म्हणजे त्या बाजूच्या मासळीबाजारांत बर्फाच्या पेट्यांतून एक लहानसा रुपेरी मासा येऊन पडतो. पाठ निळसर हिरवी, पोट चांदीसारखे चकचकीत, लांबी सुमारे वीतभर. हीच तारली. सुरमई आणि पापलेट यांच्या शेजारी ती पाटीत पडलेली असली, म्हणजे तिच्याकडे कोणी फारशा आदराने पाहत नाही. ती स्वस्त असते आणि तिला काटेही पुष्कळ असतात. परंतु वर्षाच्या ठरावीक दिवसांत हाच मासा लक्षावधींच्या संख्येने किनाऱ्याजवळ येतो आणि तो आला, म्हणजे किनाऱ्यावरची गावेच्या गावे कामाला लागतात. एखाद्या वर्षी तो येत नाही. तेव्हा त्याच गावांत उसनवारी सुरू होते. तारली का येते आणि का येत नाही, हे जाणण्यासाठी बाजारातून दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर जावे लागते. आणि त्याआधी थोडे पाण्याखालीही.

अरबी समुद्राच्या काठाने जावे तसतसे या माशाचे नाव बदलते. गोव्यात त्याला तारले म्हणतात, मंगळूरकडील तुळू लोक त्याला भुताई म्हणतात आणि केरळात तो मत्ती होतो. त्याचे लहान चणीचे भाऊबंद मालवणकडे पेडवे या नावाने प्रसिद्ध आहेत. नावे अनेक असली, तरी या सर्वांचे जीवन एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे पावसाळा.

पावसाळ्यात आकाशातून पाणी पडते, एवढेच आपण पाहतो. त्याच वेळी समुद्रातही एक मोठी उलथापालथ चाललेली असते. पावसाळी वारे आणि पृथ्वीचे भ्रमण यांच्या संयुक्त परिणामाने, विशेषतः केरळ व कर्नाटक यांच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. या खोल पाण्यात मेलेल्या जीवांच्या अवशेषांतून उतरलेली नत्राची आणि स्फुरदाची लवणे साठलेली असतात. शेतकऱ्याने खत घालावे आणि त्यावर ऊन पडताच पीक तरारून यावे, तसे मग समुद्रात घडते. डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती अफाट वाढतात. त्यांतील ज्यांना करंडक वनस्पती म्हणतात, त्यांवर तारलीची विशेष प्रीती आहे. तिच्या कल्ल्यांवर बारीक केसांची जणू दाट फणीच बसवलेली असते. तोंड उघडे ठेवून ती पोहत जाते. पाणी कल्ल्यांवाटे बाहेर पडते आणि अन्न फणीत अडकून राहते. गायीने कुरणात चरावे, तशी ती पाण्यात चरते.

अन्नाची ही सुगी असतानाच तारली अंडी घालते. तिचा विणीचा काळ साधारणपणे जून ते सप्टेंबर हा होय. एक मादी हजारो अंडी पाण्यात सोडते. सुमारे एका दिवसात त्यांतून पिले बाहेर पडतात. त्यांतील बहुतेक पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. जी उरतात, ती समोर वाढून ठेवलेल्या अन्नावर झपाट्याने वाढतात आणि पावसाळा ओसरता ओसरता थवे करून किनाऱ्याजवळ येतात. वर्षभरात ती वयात येतात. तारलीचे एकंदर आयुष्य अवघे दोन-अडीच वर्षांचे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचे कारण पडेल.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तारलीचे दूरचे नातलग जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे तेथील हिवाळ्यात, थंड पाण्याच्या पट्ट्यातून उत्तरेकडे फार लांबचा प्रवास करतात. डॉल्फिन, शार्क आणि समुद्रपक्षी त्यांच्या पाठीस लागलेले असतात. आपल्या तारलीचा प्रवास इतका भव्य नाही. ती खोल पाण्यातून उथळ पाण्यात येते, काठाकाठाने वर-खाली सरकते आणि उन्हाळा तापू लागला, की पुन्हा खोल पाण्यात जाते. पण हा लहानसा प्रवासच किनाऱ्यावरील लोकांना पुरेसा आहे.

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले, शिरोडा या बाजूस या माशांचे स्वागत करण्याची जुनी रीत म्हणजे रापण. रापण हे जाळ्याचे नाव, ते ओढण्याच्या कामाचेही नाव. हे जाळे काही शे मीटर लांब असते आणि ते सहसा एका मालकाचे नसते. अनेक घरांनी आपापले तुकडे आणावयाचे, ते एकमेकांस जोडावयाचे आणि मग ते सर्वांचे मिळून एक जाळे व्हावयाचे, अशी ही योजना. वरच्या काठास तरंगणारे गोळे, खालच्या काठास वजने. त्यामुळे पाण्यात ते भिंतीसारखे उभे राहते.

पहाटे एखादा जाणता रापणकर किनाऱ्यावर उभा राहून पाणी निरखीत असतो. नवख्या माणसास तेथे समुद्राखेरीज काहीच दिसणार नाही. जाणत्यास मात्र पाण्याचा एक पट्टा काळपट झालेला दिसतो, त्यावर कुरव पक्षी घिरट्या घालताना दिसतात, मधूनच पृष्ठभागावर पावसाचे थेंब पडल्यासारखी थरथर उठते. त्याने खूण केली, की होडी निघते. जाळ्याचे एक टोक काठावर ठेवून होडी थव्यास अर्धवर्तुळाकार वळसा घालते आणि दुसरे टोक घेऊन दूरवर काठाला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे भिडतात. पन्नास असतात, कधी शंभरही. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका सुरात ती दोर ओढतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकत येतात. शेवटी पाणी गुडघाभर उरते आणि त्यात चांदी उकळू लागावी, तशी मासळी उसळू लागते.

थवा फारच मोठा असला, तर सारी मासळी त्याच दिवशी बाहेर काढीत नाहीत. उथळ पाण्यातच तिला जाळ्याने कोंडून ठेवतात आणि खपेल तशी काढतात. समुद्रातच केलेले हे कोठार, बर्फाचे कारखाने नव्हते त्या काळी, फार उपयोगी पडे. विक्रीचे पैसे ठरलेल्या वाट्यांनी वाटले जातात. वाटेने जाणाऱ्याने दोरास हात लावला, तर त्यालाही चार मासे मिळतात. म्हणून किनाऱ्यावरील मुले रापणीच्या वेळी दोरापासून दूर राहत नाहीत. पूर्वी तारलीची इतकी रेलचेल होई, की खाऊन व विकून उरलेली मासळी वाळवून माडांच्या मुळांशी खत म्हणून घालीत आणि तिचे तेल काढून होड्यांच्या फळ्यांना चोपडीत.

परंतु ही रेलचेल दरवर्षी होतेच, असे नाही. पाण्याचे ऊबदारपण थोडे वाढले, पावसाचे वेळापत्रक चुकले, तर तारलीची पिले जगत नाहीत. आणि ज्या माशाचे आयुष्यच दोन-अडीच वर्षांचे, त्याची एक पिढी बुडाली तर पुढच्या हंगामात जाळे रिते येते. हे आजचे नव्हे. मलबारच्या किनाऱ्यावर तारली इतकी घटली होती, की १९४३ साली त्या वेळच्या मद्रास सरकारने विणीस आलेली व कोवळी तारली पकडण्यावर निर्बंध घातले. त्यानंतर तारली परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. गेल्या काही दशकांत तिचे थवे पूर्वीपेक्षा उत्तरेकडेही अधिक दिसू लागले. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली. २०२१ साली तेथेच ती सुमारे ३,३०० टनांवर आली. म्हणजे ज्या काठावर शंभर पाट्या भरत, तेथे एक पाटीही धड भरली नाही!

याचा सारा दोष समुद्रावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. थवा काठाला येण्याची वाट पाहते ती रापण. पर्ससीन हे जाळे तशी वाट पाहत नाही. यांत्रिक नौका खोल पाण्यात जाऊन थव्यास सर्व बाजूंनी वेढते आणि बटव्याची दोरी ओढावी, तशी जाळ्याची खालची दोरी ओढून घेते. सबंध थवा एका वेळी हाती लागतो. त्यात मोठी तारली असते, तशी बोटभर लांबीची पिलेही असतात. अशा नौका वाढल्या, तेव्हा किनाऱ्यावरचे रापणकर अस्वस्थ झाले. गोव्यात १९७० नंतरच्या दशकात त्यांनी यांत्रिक मासेमारीविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि १९८० साली तेथे सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. महाराष्ट्राचा असा कायदा १९८१ चा. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने पर्ससीन जाळ्यांवर आणखी निर्बंध घालून त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखून दिला. यांत्रिक नौकांवरही शेकडो खलाशांची पोटे भरतात, हे खरे. म्हणूनच हा वाद सोपा नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर तो कधी कधी हातघाईवरही आलेला आहे.

पिले वाचावीत म्हणून दुसरा एक उपाय केरळाने योजला. दहा सेंटिमीटरांहून लहान तारली पकडू नये, असा तेथे नियम आहे. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ या माशांचा सतत अभ्यास करतात. बंदरावर मासळी उतरली, की तिचे नमुने घ्यावयाचे, लांबी मोजावयाची, पोट चिरून अंडी कितपत पिकली आहेत ते पाहावयाचे, असे हे काम. दिसावयास साधे, पण वर्षानुवर्षे केल्यावाचून त्यातून काही उमगत नाही.

जून आणि जुलै महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या झावळ्यांखाली झाकलेल्या असतात. ओसरीवर बसून रापणकर जाळ्याची फाटकी घरे विणीत असतात. बाहेर समुद्र खवळलेला असतो आणि त्याच पाण्यात कोठेतरी तारली अंडी घालीत असते. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण होतो. जाळ्याचे तुकडे पुन्हा एकमेकांस जोडले जातात, होड्या वाळूवरून पाण्याकडे सरकतात. मग एके पहाटे जाणता रापणकर किनाऱ्यावर येऊन उभा राहतो आणि डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे पाहू लागतो.