मदतीला हाक केव्हा मारावी?

अडीअडचणीला कोणता क्रमांक फिरवावा, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. पोलीस, आगीचा बंब आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी 112. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108. नुसता बंब हवा असेल तर 101. हे आकडे भिंतींवर रंगवलेले आहेत, गाड्यांवर लिहिलेले आहेत. तरीही माणसे वेळेवर मदत न मिळाल्यामुळे दगावतात, आणि अशा माणसाच्या भोवती पुष्कळदा चार समजूतदार माणसे उभी असतात. त्यांना क्रमांक ठाऊक असतो. फोन आताच करावा की थोडे थांबून पाहावे, एवढेच त्यांचे ठरत नसते. हे कसे ठरवावे, याचाच विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करीत असताना जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचून, विचारून समजून घेतले, तेवढ्याच्या आधारावर हे लिहीत आहोत.

1993 सालची गोष्ट. एका कारखान्यात रात्रपाळी चालू होती. आमच्या खात्यातला एक फिटर काम सोडून एकाएकी खाली बसला. अंगाला दरदरून घाम, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते म्हणाला, डावा हात चोळू लागला. कोणी म्हणाले पित्त झाले, कोणी म्हणाले गॅस धरला. कोणी सोडा आणून दिला. टेलिफोन होता टाइम ऑफिसात, त्याला छोटे कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या खिशात. पाळी संपण्याआधी माणसाला बाहेर न्यायचे तर गेटपास पाहिजे. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." या विचारण्यात पाऊण तास गेला. पालिकेचे इस्पितळ मैलभरावर होते. तेथे पोचेपर्यंत फिटर गेलेला होता.

पुढे आम्ही या प्रकारावर गेटसभा घेतली, घोषणा दिल्या, कुलपाविरुद्ध अर्ज केले. ते योग्यच होते. पण एक गोष्ट त्या सभेत आम्ही सांगितली नाही, ती येथे सांगतो. त्या पाऊण तासात आम्हीही तिथेच उभे होतो. ते कुलूप एका हातोडीने तुटले असते, आणि हातोड्या आमच्या खात्यात वीसपंचवीस तरी होत्या. "थांबा, साहेबांना येऊ द्या," असे म्हणणाऱ्यांत आमचाही आवाज होता.

मनुष्य का थांबतो? आमच्या मते याची चार कारणे आहेत. पहिले, खात्री नसते. दुसरे, परवानगी नसते. तिसरे, लाज वाटते. काही नसले तर लोक हसतील, गल्लीत उगाच गाजावाजा होईल. चौथे, भय वाटते, खर्चाचे आणि पोलिसांच्या चौकशीचे. ही चारही कारणे त्या क्षणी अगदी सयुक्तिक वाटतात, म्हणूनच ती घातक आहेत.

खात्रीचीच गोष्ट घेऊ. 1984 सालच्या 2 डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती कोठेतरी आहे हे कळले. पण अशी चुरचुर पूर्वीही झालेली होती, तेव्हा चहा झाल्यावर शोध घेऊ असे ठरले. चहा होतो न होतो तोच टाकीतला दाब आवाक्याबाहेर गेला आणि मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला, कारण बारीकसारीक गळतीपायी लोकांत घबराट नको, असा तिथला शिरस्ता होता. त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत हजारो माणसे मेली. या अनर्थाची मोठी कारणे वेगळी आहेत आणि त्यांचा दोष चहा पिणाऱ्या कामगारांवर मुळीच नाही. बंद ठेवलेली सुरक्षायंत्रे आणि काटकसरीपायी कमी केलेली माणसे यांचा हिशेब मालकांकडेच मागितला पाहिजे. पण हाक मारण्याच्या बाबतीत भोपाळचा धडा असा की, घबराट टाळण्यासाठी म्हणून दाबून ठेवलेली सूचना घबराटीपेक्षा कितीतरी जास्त माणसे मारते.

हाक मारण्याची सोयसुद्धा अशाच एका उशिरातून जन्मली. 1935 च्या नोव्हेंबरात लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. शेजाऱ्याने बंबासाठी टेलिफोन उचलला, पण एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन इतर साध्या फोनांच्या रांगेत अडकून राहिला. आगीत पाच स्त्रिया मेल्या. त्या शेजाऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून ही तक्रार मांडली, चौकशी झाली, आणि 1937 च्या जूनमध्ये लंडनात 999 हा संकटाचा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. अशा क्रमांकाचा अर्थच हा की, ज्याचे काम अडले आहे त्याने रांग मोडून पुढे यावे. आणि आपण मात्र ती रांग स्वतःच्या मनात पुन्हा उभी करतो!

तेव्हा फोन करण्यापूर्वी स्वतःला तीनच प्रश्न विचारावेत. कोणाच्या जिवाला धोका आहे काय? हा धोका मिनिटामिनिटाला वाढणारा आहे काय? आणि तो आपल्या हातांनी, आपल्याजवळच्या साधनांनी नक्की आवरता येईल काय? पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर "असेलही" असे आले आणि तिसऱ्याचे "सांगवत नाही" असे आले, की विचार संपला, फोन करावा. "नक्की आहे" असे उत्तर येण्याची वाट पाहू नये. नक्की काय आहे ते ठरवणे हे येणाऱ्याचे काम, बोलावणाऱ्याचे नव्हे.

काही खुणा मात्र प्रत्येक घरात पाठ असाव्यात. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते हातात, जबड्यात, पाठीत जाणे, सोबत घाम, मळमळ किंवा धाप. स्त्रियांत आणि मधुमेहाच्या रोग्यांत छातीत फारसे न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा येऊ शकतो. "पित्त असेल" हे निदान अशा वेळी घरातल्या कोणीही करू नये. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी एकाएकी दिसले तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेसुद्धा मेंदूची तपासणी झाल्यावर. म्हणून "रात्रभर पाहू, सकाळी दाखवू" म्हणणे म्हणजे उपचार हातचा घालवणे होय. हाका मारूनही न उठणारा माणूस, श्वासासाठी धडपडणारा माणूस, दाबून धरूनही न थांबणारे रक्त, मोठे भाजणे, सर्पदंश, विजेचा धक्का, पाच मिनिटांत न थांबणारी फिट, या सर्वांत प्रश्न विचारीत बसण्याचे कारणच नाही. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि तोंडात काहीही घालू नये.

माणूस निपचित पडला आणि नीट श्वास घेत नसला, तर एकाने फोन करावा व दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने दाबण्यास लागावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे 5 सेंटीमीटर खोल. रक्तपुरवठा थांबला की चारसहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि एवढ्या वेळात कोणत्याही शहरात गाडी पोचेलच असे नाही. म्हणून गाडी येईपर्यंत हात थांबवू नयेत.

काही प्रसंगांत हाक मारणे हीच एकमेव मदत असते, आणि हात घालणे हा अपघात असतो. आमच्या अनुभवात याचे सर्वांत दुःखद उदाहरण गटाराचे आणि मैल्याच्या टाकीचे. एक कामगार आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू आरंभी सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण तो दाट झाला की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. अशा टाकीत भाऊ पडला असला तरी उतरू नये. काठावर उभे राहून बंबाला फोन करावा, कारण श्वासाची नळकांडी त्यांच्याजवळ असतात. हे सांगताना जीभ जड होते. पण तिघांऐवजी एकाची तिरडी उठणे हेही काही थोडे नव्हे. तसेच विजेचे. मुख्य बटण बंद केल्यावाचून चिकटलेल्या माणसाला शिवू नये. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर दिवा लावूही नये आणि मालवूही नये. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि बाहेरूनच 1906 वर कळवावे. ज्वाळा दिसली तर 101.

फोनवर काय सांगावे? सर्वांत आधी ठिकाण. बोलणे मध्येच तुटले तरी ठिकाण कळलेले असले, म्हणजे गाडी निघू शकते. गल्ली, जवळचे देऊळ, शाळा किंवा चौक, इमारतीचा मजला. नंतर काय झाले, किती माणसे, शुद्धीवर आहेत काय. मग पलीकडचा मनुष्य विचारील त्याची उत्तरे द्यावीत आणि तो सांगेपर्यंत फोन ठेवू नये. एका पोराला गल्लीच्या तोंडाशी उभे करावे. रिक्षाने नेणे जवळचे पडेल असे वाटले, तरी फोन आधी करावा आणि तसे विचारावे. मात्र मानेला किंवा पाठीला मार लागलेल्याला, दुसरा धोका नसल्यास, हलवू नये.

याचा अर्थ असा नव्हे की ऊठसूट 112 फिरवावा. दोन दिवसांचा ताप, जुनी गुडघेदुखी, वीज गेली, शेजाऱ्याचा रेडिओ मोठ्याने लागला, यांसाठी तो क्रमांक नाही. आणि गंमत म्हणून केलेला फोन म्हणजे दुसऱ्या कोणाच्या दाराची गाडी अडवून धरणे होय. पण प्रामाणिक शंकेने केलेला फोन शेवटी अनावश्यक ठरला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. बंब आला आणि आग नव्हती, याचा आनंद मानावा.

राहिले भय. खर्चाचे म्हणाल तर महाराष्ट्रात 2014 पासून चालू झालेली 108 ची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. पोलिसांचे म्हणाल तर 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पोलिसांचे कागद होईपर्यंत जखमीला हात लावणार नाही, असे कोणत्याही डॉक्टरला म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले आहे. आणि एक निकाल तर आमच्या बिरादरीनेच मिळवला आहे. 1992 च्या जुलैत पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. सरकारी इस्पितळांमागून इस्पितळांनी त्याला जागा नाही, सोय नाही, म्हणून परत पाठवले. अखेर खाजगी इस्पितळात पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, न्यायालयात गेली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भंग होय, आणि त्याला 25,000 रुपये भरपाई देवविली. तेव्हा मदत मागताना आपण कोणाचे उपकार मागत नसतो, हे ध्यानात ठेवावे. निकाल झाला म्हणून प्रत्येक दार लगेच उघडते असे नाही. पण दार ठोठावणाऱ्याच्या पाठीशी आता काहीतरी आहे.

आमच्या त्या कारखान्यात पुढच्या करारात आम्ही पगारवाढीच्या कलमांखाली एक लहान कलम घालून घेतले: जिवाच्या धोक्याच्या वेळी कोणीही कामगार, कोणालाही न विचारता, बाहेरची मदत बोलावील आणि फोन चुकीचा ठरला तरी त्याला जाब विचारला जाणार नाही. सह्या करताना साहेब हसले होते, एवढ्याशा गोष्टीला कलम कशाला म्हणून. पण बोनसच्या किती कलमांपेक्षा आम्हाला ते मोलाचे वाटते.

असे कलम प्रत्येक घराने, चाळीने, दुकानाने आणि शाळेने आपल्यापुरते करून टाकावे. आज रात्री जेवताना घरातल्या मुलाला, सुनेला, कामाला येणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगून ठेवावे: "तसा प्रसंग आला तर आम्हाला विचारू नका. आधी फोन करा, मग आम्हाला सांगा. चुकलात तर कोणी रागावणार नाही." आमच्या त्या फिटरला असे सांगितलेला एक मनुष्य त्या रात्री हवा होता.