खुनी कोण ते सांगू नका

दिल्लीकर प्रेक्षकाला 1997 चा जून दोन गोष्टींसाठी आठवतो. 13 तारखेला ग्रीन पार्कच्या ‘उपहार’मध्ये ‘बॉर्डर’ चालू असताना आग लागली आणि 59 जण गेले. त्याच महिन्यात साकेतचं ‘अनुपम’ चार पडद्यांचं होऊन उघडलं. देशातलं हे पहिलं मल्टिप्लेक्स. मग 4 जुलैला ‘गुप्त’ आला. बाहेरचा दरवाजा कुठे आहे ते हेरूनच आम्ही तेव्हा खुर्चीत बसायचो.

‘गुप्त’ला सगळी चुरस एकाच गोष्टीची: खुनी कोण? मध्यंतरात समोशांच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांशी पैजा लावत. आधीचा खेळ सुटला की एखादा टवाळ तिकिटाच्या रांगेकडे बघून काजोलचं नाव ओरडायचा आणि गर्दीत पसार. पुढे त्याच भूमिकेसाठी तिला खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिलीच अभिनेत्री, पण उरलंसुरलं गुपित त्या बातमीनं फोडलं.

2015 च्या 2 ऑक्टोबरला ‘तलवार’ लागला तेव्हा गोष्ट वेगळी होती. नोएडातल्या 2008 च्या दुहेरी हत्येवरचा हा सिनेमा, आणि बघणारे त्याच परिसरातले. जो तो आपला निकाल घरूनच ठरवून आलेला. मेघना गुलजार यांनी तीच रात्र वेगवेगळ्या तऱ्हेनं दाखवली. पहिल्या तऱ्हेला माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ “देखा? मैंने कहा था ना!” म्हणाले, बायकोला ऐकू जाईल इतक्या जोरात. दुसरी आली तेव्हा ते गप्प झाले. तपास अधिकाऱ्यांची शेवटची बैठक सुरू झाली. तिथे पडद्यावरचे अधिकारी विनोद करत होते आणि सभागृह चक्क हसत होतं. त्या हसण्याचा मला राग आला होता; आता वाटतं, दुसरं काय करणार होते? हत्या झालेल्या मुलीचे खरे आई-वडील, याच खुनांसाठी दोषी ठरून, तेव्हा डासनाच्या तुरुंगात होते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना 12 ऑक्टोबर 2017 रोजी निर्दोष सोडलं.

‘दृश्यम’ त्याच वर्षी, 31 जुलैला येऊन गेला होता. दिग्दर्शक आपले निशिकांत कामत. इथे खून कुणी केला ते पहिल्या तासातच कळतं, तरी लोक श्वास धरून बसतात, कारण काळजी नायकाचं साळगावकर कुटुंब सापडेल की काय याची असते. पोलिसांच्या शहरात पोलीस फसावेत म्हणून टाळ्या पडत होत्या! 2022 च्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला, तो पाहायला कामत नव्हते. 2020 मध्येच ते गेले. त्या भागाचा मूळ मल्याळम सिनेमा अनेकांनी घरीच मोबाइलवर पाहिला होता. शेवट ठाऊक असलेली ही मंडळीही न्यायालयाच्या प्रसंगात पुढे सरसावून बसली. रहस्यपटाची खरी परीक्षा माझ्या मते हीच, आणि तिथे ‘गुप्त’ नापास होतो.

असे सिनेमे गर्दीत बघायची दिल्लीतली जुनी चित्रगृहं कमी होत गेली. ‘रीगल’ 2017 च्या मार्चअखेर बंद पडलं, दर्यागंजचं ‘गोलचा’ त्याच्या आदल्या वर्षी. असफ अली रोडवरचं 1954 चं ‘डिलाइट’ मात्र टिकून आहे. पुढचा रहस्यपट तिथे, पहिल्याच आठवड्यात पाहा. मध्यंतरात महासमोसा खा, हव्या तितक्या पैजा लावा; पण बाहेर पडताना रांगेतल्यांवर दया करा, तोंड उघडू नका.